आदित्यहृदय बडोद्याच्या रामायणात नाही?

मीनल_रावपुरा

मंडळी, घरात छोटंसं महाभारत झालंय आणि कारण रामायण आहे.

सासूबाईंचा चाळीस वर्षांचा नेम आहे. आंघोळ झाली की तांब्या घेऊन गच्चीवर जायचं, सूर्याला अर्घ्य द्यायचं आणि आदित्यहृदय तीनदा म्हणायचं. पुस्तक लागत नाही, पाठ आहे. तीनदा का, तर स्तोत्रातच अगस्त्यांनी रामाला तसं सांगितलंय म्हणून. भाचा इथल्याच युनिव्हर्सिटीत संस्कृत घेऊन एमए करतो. त्यानं परवा युद्धकांडाचा जाडजूड खंड घरी आणला, आपल्या प्राच्यविद्या मंदिरानं काढलेल्या वाल्मीकिरामायणाचा. सासूबाई हरखल्या. म्हणाल्या, बघ रे, माझा पाठ कुठे चुकतोय का.

त्यानं पानं उलटली. राम-रावण समोरासमोर आले, बाण सुटले, रथ मोडले. अगस्त्य काही येईनात. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. शेवटी बऱ्याच वेळानं खंडाच्या मागच्या भागात, बारीक अक्षरांत, परिशिष्टात सापडले. भाचा उत्साहानं म्हणाला, "आजी, हे मूळ रामायणात धरलेलं नाही, नंतरचं आहे."

सासूबाई दोन मिनिटं गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे मी चाळीस वर्षं भेसळ म्हणत होते?"

त्या दिवसापासून भाच्याला या घरात चहा मिळतो, पण बिस्किट मिळत नाही. इथे संस्कृतवाले आणि जुने बडोदेकर बरेच आहेत म्हणून विचारते. हे रामायण नेमकं कसं तयार केलं? कुणी ठरवलं मूळ काय आणि नंतरचं काय? आणि सासूबाईंना मी काय सांगू?

---

ओटला

सेव-उसळीची प्लेट घेऊन बसलोय. सुरू करा.

---

पोथीनिवासी

मीनलताई, सासूबाईंना आधी एवढं सांगा की भेसळ हा शब्द इथे लागू नाही. भेसळ करणाऱ्याला लपवायचं असतं. इथे तर प्रत्येक गाळलेली ओळ छापून ठेवली आहे, कुठल्या पोथीत आहे आणि कुठल्यात नाही या हिशेबासकट.

थोडं मागे जातो. सयाजीरावांनी हस्तलिखितं जमवायला सुरुवात केली ती ग्रंथालयाच्या चळवळीबरोबरच. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचं पहिलं पुस्तक, राजशेखराची काव्यमीमांसा, १९१६ साली निघालं. प्राच्यविद्या मंदिर ही स्वतंत्र संस्था १९२७ पासून. स्वातंत्र्यानंतर ती युनिव्हर्सिटीत आली आणि पन्नाशीच्या दशकात रामायणाचं काम हाती घेतलं गेलं. पुण्यात भांडारकर संस्थेनं महाभारताचं काम १९१९ सालीच सुरू केलं होतं. तोच कित्ता इथे.

बालकांड १९६० साली आलं, गो. ह. भट्टांनी संपादलेलं. शेवटचं उत्तरकांड १९७५ साली, उमाकांत शाहांचं. मधली कांडं दिवाणजी, मांकड आणि झाला यांची. अयोध्याकांड आणि तुमच्या हातातलं युद्धकांड प. ल. वैद्यांचं. हे वैद्य भांडारकरच्या महाभारतातही होते, म्हणजे या कामात मुरलेला माणूस.

आता कसं केलं ते. छापखाना येईपर्यंत रामायण हातानं उतरवलं जायचं. काश्मिरात शारदा लिपीत, नेपाळात नेवारीत, मिथिलेत मैथिलीत, बंगालात बंगालीत, आपल्याकडे देवनागरीत, दक्षिणेत तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम लिप्यांत. प्रत्येक ठिकाणी उतरवणारा थोडं सुधारतो, थोडं घालतो, थोडं चुकतो. सगळ्या शाखांच्या पोथ्या जमवायच्या, एकेक श्लोक घ्यायचा, प्रत्येक पोथीत तो कसा आहे ते शेजारी शेजारी मांडायचं. जो पाठ दूरदूरच्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या शाखांत सारखा, तो जुना. जो एकाच भागात, तो तिथला.

घरगुती उदाहरण देतो. चार बहिणी चार गावांत दिल्या. चौघींची आमटी चाखली. चौघींच्यात जे आहे ते आईकडून आलेलं. बडोद्याच्या बहिणीच्या आमटीत साखरेचा हात सढळ आहे आणि उरलेल्या तिघींच्यात नाही, तर ती साखर सासरची. आमटी वाईट झाली असं कुणी म्हणत नाही.

असं करत करत आकडा कुठे आला बघा. परंपरा रामायणाला चोवीस हजार श्लोकांचं म्हणते. प्रचलित छापील प्रतींत सर्ग, म्हणजे अध्याय, ६४५ च्या घरात. अशी तुलना करून बडोद्यानं काढलेल्या या चिकित्सक आवृत्तीत सर्ग ६०६ आणि श्लोक १८,७६६. बाकीचं तळटिपांत आणि परिशिष्टांत. सासूबाईंचं स्तोत्र त्यातलं एक.

---

ओटला

आमटीत साखर जास्त या आरोपाचा एक बडोदेकर म्हणून निषेध.

---

हरिदास_मांडवी

हा धागा वाचून राहवलं नाही. आमच्या घरात तीन पिढ्या कीर्तन आहे. आजोबा राजवाड्यात चैत्राच्या नवरात्रात उभे राहत.

पोथीनिवासी, तुमचा सगळा हिशेब मान्य, पण हे गणित मला पटत नाही. चार पोथ्यांत आहे ते खरं आणि पाचवीत आहे ते परिशिष्टात! रणांगणावर राम थकून चिंतेत उभा आहे, 'ततो युद्धपरिश्रान्तं समरे चिन्तया स्थितम्', अशा वेळी अगस्त्य येतात आणि सूर्याकडे बोट दाखवतात. हा प्रसंग मी आख्यानात लावला की मंडपात टाचणी पडली तरी ऐकू येते. लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. ते पाणी कुठल्या परिशिष्टात घालणार?

आणि चोवीस हजार हा काय नुसता आकडा आहे? दर हजार श्लोकांचं पहिलं अक्षर घेतलं तर गायत्रीची चोवीस अक्षरं येतात, असं आपल्याकडे मानतात. 'तपःस्वाध्यायनिरतं' मधला 'त' हा पहिला. पाच हजार श्लोक उचलून बाजूला ठेवलेत, गायत्री मोडली.

---

निळा_पेन

हरिदासकाका, आदर ठेवून विचारतो. डोळ्यांत पाणी येतं म्हणून श्लोक जुना ठरतो का?

मला उलट शंका आहे. प्राच्यविद्या मंदिरानं आदित्यहृदय मागे टाकलं, पण उत्तरकांड अख्खं ठेवलं. सीतेला सोडणं, तप करणाऱ्या शूद्र शंबूकाचा रामानं केलेला वध, सगळं शंभर सर्गांत साग्रसंगीत. उत्तरकांड नंतरचं आहे हे तर कुणीही सांगेल. पहिल्याच सर्गात नारद वाल्मीकीला अख्खी कथा थोडक्यात सांगतात, ती रामराज्याशी संपते, सीतेला सोडल्याचा उल्लेख नाही. युद्धकांडाच्या शेवटी फलश्रुती येते. फलश्रुती कुठे असते? पोथी संपते तिथे. आणि प्रचलित प्रतीत बालकांडातच शब्द आहेत, 'षट् काण्डानि तथोत्तरम्'. सहा कांडं, आणि शिवाय उत्तर. मोजणाऱ्यानंच वेगळं मोजलंय. मग आजींचं स्तोत्र बाहेर आणि शंबूक आत, हा कुठला न्याय?

---

पोथीनिवासी

निळा_पेन, प्रश्न चांगला आहे आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते.

संपादकांपुढे दोन वेगळे प्रश्न असतात. आज हाती असलेल्या पोथ्यांच्या आधारे किती मागे जाता येतं, हा पहिला. त्याही मागे वाल्मीकीनं काय रचलं असेल, हा दुसरा. चिकित्सक आवृत्ती फक्त पहिल्याचं उत्तर देते. उत्तरकांड सगळ्या शाखांच्या पोथ्यांत आहे, म्हणून ते मूळ पाठात. त्याची भाषा, त्याची जोडणी पाहून ते नंतरचं आहे असं म्हणणारे अभ्यासक पुष्कळ आहेत आणि मीही त्यांतलाच. पण ते मत प्रस्तावनेत मांडायचं असतं, पोथीला कात्री लावून नाही. आदित्यहृदय शाखांच्या कसोटीवर टिकलं नाही, उत्तरकांड टिकलं. कसोटी दोघांना एकच.

अंतर किती आहे तेही पाहा. रामायणाचा गाभा अभ्यासक साधारण इसवी सनापूर्वीच्या पाचव्या-चौथ्या शतकाच्या आसपास नेतात, काही जण आणखी अलीकडे आणतात. तारीख घातलेली सर्वांत जुनी पोथी नेपाळातली, ताडपत्रावरची, इ. स. १०२० ची. मधल्या हजार-दीड हजार वर्षांची एकही पोथी हातात नाही. त्या काळोखात काय काय शिरलं असेल ते कुठल्याच पद्धतीनं कळत नाही.

शंबूकाबद्दल: तो प्रसंग सगळ्या पोथ्यांत आहे याचा अर्थ इतकाच की हजार वर्षांपूर्वी उतरवणाऱ्या कुणालाही तो गाळावासा वाटला नाही. हे वाचून अस्वस्थ व्हायला होतं, तर व्हावं. संपादकानं ती अस्वस्थता आपल्यासाठी पुसून ठेवायची नसते.

---

लष्कर_ग्वाल्हेर

आमच्याकडे घरात मराठी आणि गल्लीत तुलसीदास, त्यामुळे लहानपणी कुठली गोष्ट कुठल्या रामायणातली हे कळायचंच नाही. मोठेपणी वाल्मीकी वाचायला घेतलं आणि एकेक धक्का बसत गेला.

लक्ष्मणरेषा नाही. सीता बोलते, लक्ष्मण चिडून निघून जातो, रेषा वगैरे काही ओढत नाही. तुलसीदासांनीही ती अरण्यकांडात दिलेली नाही. पुढे लंकाकांडात मंदोदरी रावणाला टोमणा मारताना तिचा उल्लेख करते. शबरीची उष्टी बोरं नाहीत, ती नुसतं म्हणते की तुमच्यासाठी रानातलं नाना तऱ्हेचं साठवून ठेवलंय. सेतूवरची खारुताई नाही. वाल्या कोळ्याचं 'मरा मरा' नाही, ते अध्यात्मरामायणात येतं. आणि भाषणांत हमखास येणारं 'जननी जन्मभूमिश्च' बडोद्याच्या मूळ पाठात नाही.

अहल्येची गोष्ट तर पुन्हा वाचावी लागली. ती शिळा झालेली नाही. वारा खाऊन, राखेत पडून, कुणालाही न दिसता ती आश्रमात तप करते आहे. राम आणि लक्ष्मण आत येतात आणि तिच्या पाया पडतात. 'पादौ जगृहतुस्तदा'. पाय लावून उद्धार करायचं राहू द्या, उलट पाय धरतात.

---

मीनल_रावपुरा

अहल्येचं मला माहीतच नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे बरंय." बाकी काही बोलल्या नाहीत, पण भाच्याला आज एक बिस्किट मिळालं.

पण एक सांगा. रेषा नाही, बोरं नाहीत, खार नाही, शिळा नाही, आदित्यहृदय मागच्या पानांत. आम्ही ज्याला रामायण म्हणत होतो त्यातलं निम्मं निघून गेलं की. मग उरलं काय? मी संस्कृतवाली नाही, बँकेत नोकरी करते. सोप्या भाषेत सांगा.

---

वढवाण्याचे_पक्षी

मी पक्षी बघणारी, पोथ्यांत मला गती नाही. पण सुरुवात एका पक्ष्यापासून आहे म्हणून लिहिते.

तमसेच्या काठी वाल्मीकी स्नानाला गेलेले, बरोबर शिष्य भरद्वाज. क्रौंचांची जोडी, निषाद नराला मारतो, मादी आक्रोश करते, आणि ऋषींच्या तोंडून 'मा निषाद' बाहेर पडतं. तुला कधी प्रतिष्ठा मिळणार नाही, कारण जोडीतल्या एकाला, प्रेमात गुंग असताना, तू मारलंस. मग ते स्वतःच चकित होतात की हे माझ्या तोंडून काय निघालं, चार चरणांत, वीणेवर म्हणता येईल असं. शोकातून निघालं म्हणून श्लोक.

हा क्रौंच म्हणजे सारस, असं काही अभ्यासक म्हणतात. मला ते पटतं. खेडा जिल्ह्यातल्या भातखाचरांत सारसांच्या जोड्या दिसतात. माणसाएवढा उंच पक्षी, जन्मभर जोडी बांधून राहणारा. एक गेला की दुसरा त्याच शेतात ओरडत फिरतो, तो आवाज मी एकदा ऐकलाय. त्या आवाजावरून कुणाला काव्य सुचलं असेल यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

---

पोथीनिवासी

सुंदर. यात एक गंमत आहे. जुन्या टीकाकारांना आदिकवीचा पहिला उद्गार शाप असावा हे पचलं नाही. त्यांनी 'मा' म्हणजे लक्ष्मी, 'मानिषाद' म्हणजे लक्ष्मी जिथे राहते तो विष्णू, असा विग्रह करून शापाचा आशीर्वाद करून टाकला. क्रौंच म्हणजे रावण आणि क्रौंची म्हणजे मंदोदरी! व्याकरण बसतं. पण तुमच्या सारसाचा आवाज त्यात हरवतो.

---

हरिदास_मांडवी

कालपासून डोक्यात घोळतंय ते लिहितो. थोडं लांबेल.

'मा निषाद' मी पूर्वरंगात कितीदा घेतलंय त्याला हिशेब नाही. पण पुढचा, कुश-लव गातात तो सर्ग काल पुन्हा वाचला. दोन पोरं ऋषींच्या सभेत रामायण गातात. ऐकून ऋषी इतके खूष होतात की कुणी कलश देतो, कुणी वल्कल देतो. वाचता वाचता हसू आलं. आम्हाला नारळ आणि उपरणं मिळतं, त्यांना कलश आणि वल्कल. धंदा तोच.

मग मनाशी कबूल केलं. मी सीतास्वयंवराचं आख्यान मांडवीत लावतो आणि आठ दिवसांनी गणदेवीत लावतो, तर दोन्ही सारखी होत नाहीत. गणदेवीला बायका पुढे बसतात, तिथे सीतेच्या मनातलं दहा मिनिटं जास्त रंगतं. मांडवीत म्हातारी मंडळी, तिथे परशुराम लांबतो. एकदा एक साकी, म्हणजे कीर्तनात गायचं कडवं, तिथल्या तिथे सुचली, लोकांना आवडली, ती आता माझ्या मुलाच्या वहीत वडिलांची साकी म्हणून लिहिलेली आहे. त्याच्या मुलाच्या वहीत ती पणजोबांची होईल. उद्या कुणी आमच्या घरातल्या वह्या जमवून तुलना केली तर माझी साकी परिशिष्टातच जाईल, आणि जायलाच हवी, कारण ती पणजोबांची नाही.

म्हणजे आदित्यहृदय घालणारा माझ्यासारखाच कुणी असेल. समोर थकलेले लोक बसलेले, कथेत राम थकलेला, आणि त्याला सूर्याकडे बघावंसं वाटलं. त्यानं काही फसवणूक केली नाही. मीनलताई, सासूबाईंना एवढं माझ्यातर्फे सांगा.

आता तुमचा 'उरलं काय' हा प्रश्न. मी एवढंच बघितलं की मोठी वाक्यं कुणाच्या तोंडी आहेत. 'रामो विग्रहवान् धर्मः', राम म्हणजे देह धरलेला धर्म, हे कोण म्हणतं? वसिष्ठ नाही, विश्वामित्र नाही. मारीच म्हणतो, रावणाला, राक्षसांच्या बाजूचा माणूस. त्याच भाषणाच्या सुरुवातीला तो सांगतो, 'सुलभाः पुरुषा राजन् सततं प्रियवादिनः', गोड बोलणारे पुष्कळ मिळतात, कडू पण हिताचं बोलणारा दुर्मीळ आणि ऐकणाराही. रावण ऐकत नाही आणि मारीच जाणूनबुजून मरायला जातो. हे बडोद्याच्या पाठात आहे ना, पोथीनिवासी?

---

पोथीनिवासी

आहे. मूळ पाठात, अरण्यकांडाच्या पस्तिसाव्या सर्गात. आणि हरिदासजी, तुमचा साकीचा परिच्छेद मी उतरवून घेतला. इतकी वर्षं विद्यार्थ्यांना पाठभेद शिकवले, इतकं सोपं करून मला सांगता आलं नाही.

---

निळा_पेन

काका, माघार. साकी जिंकली.

मला अडलेली एक जागा सांगतो. अग्निपरीक्षेच्या वेळी देव येतात आणि रामाला म्हणतात, तू असं कसं वागतोस, तू देव आहेस. राम उत्तर देतो, 'आत्मानं मानुषं मन्ये रामं दशरथात्मजम्'. मी स्वतःला माणूस समजतो, दशरथाचा मुलगा राम. मग ब्रह्मदेव त्याला तो कोण आहे ते सांगतो. मला वाटायचं, देवपण मागाहून चिकटवलं आणि हे वाक्य चुकून राहून गेलं.

---

पोथीनिवासी

राहून गेलेलं नाही, तो कथेचा कणाच आहे. रावणानं वर मागताना देव, दानव, यक्ष, सगळ्यांपासून अभय मागितलं. माणसाला किरकोळ समजून सोडून दिलं. म्हणजे त्याला मारणारा माणूसच असायला हवा, माणसाचं सोंग घेतलेला देव चालणार नाही. रामाला स्वतःचं देवपण माहीत असतं तर वराला पळवाट निघाली असती. म्हणून तो रडतो, झाडांना सीतेचा पत्ता विचारतो, चुकतो, वालीला आडून मारतो आणि त्याबद्दल बोलणी खातो.

भरताला चित्रकूटावर समजावतानाही तो देवासारखा बोलत नाही. समुद्रात दोन लाकडं वाहत एकत्र येतात आणि काही वेळानं दूर जातात, तशी बायकामुलं, नातीगोती. 'यथा काष्ठं च काष्ठं च'. गीतरामायणातले ओंडके इथूनच आलेले. वडील नुकतेच गेलेले आहेत आणि धाकटा भाऊ पाय सोडत नाही, अशा वेळी हे बोलणं आहे.

---

मीनल_रावपुरा

हे वाचून मी भाच्याच्या मदतीनं दोन रात्री अरण्यकांड चाळलं. मला माझी जागा सापडली. इथल्या जाणत्यांना माहीत असेल, मला नवीन होती.

दंडकारण्यात ऋषी रामाकडे येतात, राक्षसांपासून वाचव म्हणतात, राम शब्द देतो. नंतर वाटेत सीता त्याला थांबवते. म्हणते, तीन दोष माणसाला वासनेतून लागतात. खोटं बोलणं, ते तुमच्यात नाही. परस्त्रीची इच्छा, तीही नाही. तिसरा, वैर नसताना क्रूर होणं, तो मात्र तुमच्याजवळ येऊन ठेपलाय. मग ती गोष्ट सांगते. एका तपस्व्याकडे इंद्र योद्ध्याच्या वेषात येऊन तलवार ठेव म्हणून ठेवून जातो. ठेव सांभाळायची म्हणून तपस्वी फळं-मुळं आणायला जातानाही ती बरोबर नेतो. रोज हातात तलवार. हळूहळू मन तिच्याकडे वळतं, तप सुटतं, शेवटी नरकात जातो. आणि सीता विचारते, 'क्व च शस्त्रं क्व च वनम्', कुठे शस्त्र आणि कुठे हे रान?

राम चिडत नाही. म्हणतो, तू प्रेमानं बोललीस, पण मी शब्द दिलाय. आणि पुढे जातो. कोण बरोबर ते वाल्मीकी सांगत नाही. मी तर म्हणेन सीता बरोबर होती, पण शब्द दिल्यावर तो तरी काय करणार. आम्ही सीता म्हटलं की अशोकवनात रडणारी एवढीच बघितली होती. ही नवऱ्याला तोंडावर सांगणारी कुणी दाखवलीच नाही.

बँकेत दुपारी जेवताना मैत्रिणींना ठेवीची गोष्ट सांगितली. ठेव सांभाळता सांभाळता माणूस ठेवीसारखा होतो, हे आमच्या खात्यातल्या सगळ्यांना लगेच कळलं.

---

हरिदास_मांडवी

मीनलताई, मग युद्धकांडातलाही प्रसंग बघा, खंड घरातच आहे. रावण पडल्यावर हनुमान सीतेकडे जातो आणि म्हणतो, तुला छळणाऱ्या या राक्षसिणींना मारू का? ती नको म्हणते. त्या राजाच्या ताबेदार होत्या, त्यांच्यावर काय रागवायचं. आणि अस्वलाचा श्लोक सांगते. वाघ पाठीमागे लागला म्हणून शिकारी झाडावर चढला, वर अस्वल. वाघ म्हणाला, ढकल त्याला. अस्वल म्हणालं, माझ्या आश्रयाला आलाय. मग अस्वल झोपलं, वाघानं शिकाऱ्याला भरीला घातलं, त्यानं अस्वलाला ढकललं. अस्वल फांदी धरून वाचलं. वाघ म्हणाला, आता तरी ढकल. तरी ते नाहीच म्हणालं. गोष्ट टीकाकार विस्तारानं सांगतात, सीता श्लोकच म्हणते, 'न कश्चिन्नापराध्यति', अपराध न केलेला असा कुणीच नसतो.

तिकडे राम बिभीषणाला सांगतो, 'मरणान्तानि वैराणि'. वैर मरणापर्यंतच, आता तो जसा तुझा तसा माझाही, अंत्यसंस्कार कर. नवरा-बायको दोघं दोन ठिकाणी एकाच दिवसाच्या आसपास हे बोलतात. आणि पुढच्याच भेटीत तो तिला नको ते बोलतो. इथे माझी चिपळी दरवेळी थांबते. कसं पुढे न्यायचं ते मला अजून नीट जमलेलं नाही.

---

लष्कर_ग्वाल्हेर

ही शेवटची ओळ वाचून मीही थांबलो.

---

ओटला

सेव-उसळ कधीच गार झाली. आता ते कमी श्लोकवालं वाचायला हवं. मराठीत कुणी केलंय का पूर्ण, या आवृत्तीवरून?

---

पोथीनिवासी

इंग्रजीत अमेरिकेतल्या अभ्यासकांनी १९८४ पासून एकेक कांड करत पूर्ण केलंय, याच बडोद्याच्या पाठावरून. बडोद्यात बसून बडोद्याचं रामायण अमेरिकेच्या वाटेनं वाचायचं, अशी आपली गत. संस्कृत थोडं येत असेल तर भाच्यासारखं कुणी पकडा आणि रोज एक सर्ग. ६०६ सर्ग, पावणेदोन वर्षांत होतं.

---

मीनल_रावपुरा

ताजी बातमी. सासूबाईंना साकीची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, "कीर्तनकारबुवा मांडवीत पुढचं कधी आहेत?" हरिदासकाका, तारीख कळवा.

मग खंड मांडीवर घेऊन बसल्या. भाचा परिशिष्टातलं आदित्यहृदय वाचत होता आणि त्या डोळे मिटून आपलं म्हणत होत्या. तीन ठिकाणी फरक निघाला. एका ठिकाणी त्यांनी मान्य केलं की लहानपणी चुकीचं पाठ झालं. बाकी दोन ठिकाणी म्हणाल्या, "माझंच ठेवते." भाच्यानं ते वहीत पाठभेद म्हणून टिपून घेतलं, शेजारी 'रावपुरा प्रत' असं लिहून.

एक शंका राहिली. त्यांच्या जुन्या पोथीत हा सर्ग १०७ आहे, भाचा म्हणतो १०५. पुन्हा भांडण नको.

---

पोथीनिवासी

दोघंही बरोबर. गीता प्रेसच्या प्रतीत १०५, दक्षिणेकडच्या काही छापील प्रतींत १०७. सर्ग कुठे तोडायचा यावर आकडे सरकतात. सासूबाईंची पोथी माहेरची आहे का, आणि माहेर तंजावरकडचं किंवा कर्नाटकातलं का, एवढं विचाराल?

---

मीनल_रावपुरा

विचारलं. माहेर बेळगावचं! पोथी आजोबांनी आणलेली, कुठून ते त्यांना आठवत नाही.

खंड उद्या ग्रंथालयात परत करायचाय, दंड लागला तर भाचा माझ्याकडून वसूल करेल. आज रात्री त्या पानांचे फोटो काढून ठेवते. सासूबाईंनी परिशिष्टाचं पान कोपऱ्यात दुमडून ठेवलंय. ग्रंथालयात कुणी ओळखीचं असेल तर हे त्यांना सांगू नका.